इंधन-बचतदर्शक आणि वाहनचालकाची सवय : एका उपकरणाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रात नवी गाडी घेतलेल्या माणसाला हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाची व्याकरणिक रचना लक्षात घेण्यासारखी आहे. येथे देणारी गाडी आहे. चालकाला वाक्यात स्थानच नाही. वास्तविक एकच गाडी, एकाच रस्त्यावर, दोन चालकांच्या हाती वेगवेगळे ॲव्हरेज देते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तरीही इंधनाच्या वापराचे श्रेय आणि दोष आपण यंत्राकडे सोपवतो. हा हिशेब चालकाच्या डोळ्यांसमोर मांडण्याचा प्रयत्न ज्या उपकरणाने केला, त्याला प्रस्तुत लेखात ‘इंधन-बचतदर्शक’ असे म्हटले आहे. टाकीत किती इंधन शिल्लक आहे हे दाखवणारा काटा वेगळा. बचतदर्शक हा शिल्लक दाखवत नाही; चालू क्षणी इंधन कसे खर्च होत आहे ते दाखवतो.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात इंजिन, चाके आणि रस्ते यांना भरपूर जागा मिळाली आहे. डॅशबोर्डवरील या छोट्याशा काट्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. या उपकरणाचा विकास अमेरिका, जपान आणि युरोप येथे झाला असल्याने विवेचनाचा मुख्य भाग तेथीलच आहे. भारतीय संदर्भ स्वतंत्रपणे घेतला आहे. इंधनाच्या अपव्ययाला जबाबदार कोण, चालक की निर्माता, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली, याचा मागोवा या उपकरणाच्या आधारे घेणे हे लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. स्पर्धा, युद्ध आणि चालकाचे कौशल्य

चालवण्याच्या पद्धतीवर इंधनाचा खर्च अवलंबून असतो, हे ज्ञान उपकरणाच्या प्रसाराआधीचे आहे. इ. स. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजलिस ते योसेमिटी या मार्गावर इंधन-बचतीची स्पर्धा सुरू झाली. पुढे ‘मोबिल इकॉनॉमी रन’ या नावाने ती प्रसिद्धीस आली आणि युद्धकाळातील खंड वगळता १९६८ पर्यंत चालली. कमीत कमी इंधनात ठरलेले अंतर कापणे, हे तिचे सूत्र होते. तेल आणि मोटार कंपन्यांच्या दृष्टीने ही जाहिरात होती यात शंका नाही. तथापि, तिने एक गोष्ट लोकांसमोर आणली : नेहमीच्याच मोटारीतून, निष्णात चालकाच्या हाती, सामान्य ग्राहकाला न मिळणारे ॲव्हरेज निघू शकते.

दुसऱ्या महायुद्धाने हेच कौशल्य राष्ट्रीय कर्तव्य ठरवले. १९४२ मध्ये अमेरिकेत ताशी ३५ मैल (सुमारे ५६ किलोमीटर) अशी वेगमर्यादा घालण्यात आली. तिचा प्रमुख हेतू पेट्रोल नव्हे, तर रबर वाचवणे हा होता. कारण आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते. १ डिसेंबर १९४२ पासून तेथे देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले, त्यामागेही टायर वाचवण्याचाच विचार प्रबळ होता. या टप्प्यावर चालकाला शिस्त लावण्याची साधने म्हणजे कायदा, रेशनकार्ड आणि देशभक्तीचे आवाहन. डॅशबोर्डकडून अशी अपेक्षा अद्याप कोणी केली नव्हती.

२. तेलसंकट आणि निर्वातमापक

ही अपेक्षा निर्माण झाली १९७३ च्या तेलसंकटानंतर. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली आणि कच्च्या तेलाचा दर पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत ११ डॉलरच्या वर गेला. अमेरिकेने या संकटाला दोन प्रकारची कायदेशीर उत्तरे दिली. पहिले चालकासाठी होते : २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ताशी ५५ मैलांची (सुमारे ८८ किलोमीटर) राष्ट्रीय वेगमर्यादा आली. दुसरे निर्मात्यासाठी होते : १९७५ च्या ऊर्जा धोरण व संवर्धन कायद्याने प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींना सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले आणि १९८५ साठी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, हे लक्ष्य ठेवले.

याच काळात काही अमेरिकन कंपन्यांनी डॅशबोर्डवर ‘इकॉनॉमी गेज’ देण्यास प्रारंभ केला. गाडीला नंतर बसवण्याचे काटेही बाजारात विकले जाऊ लागले. हे उपकरण वस्तुतः जुनेच होते. इंजिनाचे ट्यूनिंग आणि दोषनिदान करण्यासाठी मेकॅनिक जो निर्वातमापक वापरत, त्याच्याच तबकडीवर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे रंगवून तो चालकासमोर आणला गेला.

त्याचे कार्य असे : पेट्रोल इंजिनात हवा थ्रॉटलच्या झडपेतून आत येते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असला की झडप जवळजवळ बंद राहते आणि तिच्या मागील इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात वाढतो. सुस्थितीतील इंजिन उभ्या गाडीत मंद चालू असताना तो साधारण १७ ते २१ इंच पारा इतका असतो. पाय पूर्ण दाबला की झडप उघडते आणि निर्वात शून्याजवळ येतो. सारांश, काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा तर पाय हलका ठेवला पाहिजे.

या उपकरणाची मर्यादाही त्याच्या तत्त्वातच दडलेली होती. तो इंधन मोजत नव्हता. इंजिनावरील भार मोजत होता. सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीतही काटा निर्वाताची मोठी पातळी दाखवून चालकाला जणू शाबासकी देई. प्रत्यक्षात त्या वेळी इंधन जळत असते आणि अंतर शून्य असते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता बरीचशी कमी फेरे आणि मध्यम ते अधिक भार या स्थितीत चांगली असते. त्यामुळे वरचा गिअर लवकर टाकून थोडा अधिक पाय देणे हे खालच्या गिअरमध्ये हलक्या पायाने रेंगाळण्यापेक्षा अनेकदा किफायतशीर ठरते. निर्वातमापक मात्र याच्या उलट सल्ला देऊ शके. जे मोजायला हवे ते मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येते त्यालाच उद्दिष्ट मानायचे, ही आधुनिक मापनसंस्कृतीतील परिचित चूक येथेही दिसते.

३. गणकयंत्राचा प्रवेश

इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण पद्धती, म्हणजे रूढ भाषेत फ्युएल इंजेक्शन, आल्यावर ही मर्यादा दूर होण्याची शक्यता निर्माण झाली. इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो यावरून खर्च झालेले इंधन काढता येते; चाकांच्या गतीवरून अंतर कळते; दोहोंच्या भागाकारातून चालू क्षणाचे ॲव्हरेज मिळते. कॅडिलॅकने १९७८ च्या सेव्हिल मोटारीत मोटोरोलाच्या मायक्रोप्रोसेसरवर चालणारा ‘ट्रिप कॉम्प्युटर’ पर्यायी उपकरण म्हणून दिला. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या मोटारींत इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीच्या खालच्या भागात १०० किलोमीटरला किती लिटर हे दाखवणारा काटा परिचयाचा झाला.

या टप्प्यावर उपकरण प्रथमच सवयींविषयी खरे बोलू लागले. याचे उत्तम उदाहरण आपल्या घाटरस्त्यांवरून देता येईल. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेक चालकांना असते. त्यामागे बचतीची कल्पना असते. कार्ब्युरेटरच्या काळात तिला काही आधार होता. आधुनिक इंजेक्शन इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढला असता इंधनपुरवठा बंद होतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. ज्या तीव्र उतारावर एरवी ब्रेक दाबावा लागतो, तेथे न्यूट्रलने बचत तर होत नाहीच, शिवाय इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने धोका वाढतो. क्षणिक खर्च दाखवणारा काटा ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानाविना दाखवून देतो.

मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यास तेलाचे दर कोसळले आणि बचतीविषयीची आस्थाही ओसरली. ५५ मैलांची मर्यादा १९८७ मध्ये काही महामार्गांवर शिथिल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. उपकरण अधिक अचूक झाले त्याच काळात ते पाहण्याची गरज कमी झाली, हा या इतिहासातील एक विरोधाभास होय.

४. पडदे, रंग आणि पाने

डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानमध्ये ‘प्रियस’ ही संकरित मोटार विक्रीस आणली. तिच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाके यांमधील ऊर्जेचा प्रवाह बाणांनी दाखवला जाई. ब्रेक लावताच बॅटरीकडे ऊर्जा परतताना दिसे. या पडद्याने चालकाला यंत्राच्या अंतर्गत व्यवहाराचा प्रेक्षक बनवले. याच सुमारास अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना बंधनकारक झालेल्या निदानसूचक जोडणीतून (ओबीडी-२) माहिती घेऊन ती दाखवणारी स्वतंत्र उपकरणेही मिळू लागली. त्यांच्या आधारे कमीत कमी इंधनात गाडी चालवण्याचा छंद जोपासणारा वर्ग तयार झाला. त्यांच्या या उद्योगाला ‘हायपरमायलिंग’ असे नाव पडले आणि २००८ मध्ये, इंधनदरांनी उच्चांक गाठला त्या वर्षी, न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडले.

यानंतर निर्मात्यांनी आकड्यांऐवजी भावनेला आवाहन करण्याचा मार्ग धरला. २००९ च्या होंडा इनसाइटमध्ये काटकसरीने गाडी चालवली की वेगदर्शकाची पार्श्वभूमी हिरवी होई आणि अपव्यय झाला की निळी. चांगल्या चालकाला पडद्यावर पाने फुटलेली दिसत. फोर्डच्या २०१० च्या फ्यूजन हायब्रिडमध्येही पानांची वेल वाढत असे. निसानने २००८ मध्ये जाहीर केलेल्या ‘इको पेडल’ने तर डोळ्यांना वगळून थेट पायाशीच संवाद साधला, जास्त दाब दिला की पेडलच उलट रेटा देई.

या रचनांमागे मानसशास्त्रातील प्रत्याभरणाचा सिद्धान्त आहे. कृतीचा परिणाम तत्काळ दिसला की कृती सुधारते, हे ऊर्जेच्या बाबतीत अमेरिकेतील सेलिग्मन आणि डार्ली यांनी १९७७ मध्ये घरगुती वीजवापराच्या प्रयोगातून दाखवले होते. ज्या कुटुंबांना आपल्या वापराची माहिती वारंवार दिली गेली, त्यांचा वापर इतरांपेक्षा १०.५ टक्क्यांनी कमी आढळला. मोटारींच्या बाबतीत अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अशा उपकरणांमुळे होणारी सुधारणा सरासरी ६.६ टक्के आढळली. ही सुधारणा क्रांतिकारक नाही; पण नवे इंजिन न बसवता, केवळ माहितीमुळे मिळालेली ती बचत आहे, हे विसरून चालणार नाही.

५. एककाचा भ्रम

उपकरण कोणत्या भाषेत बोलते, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. ड्यूक विद्यापीठातील लॅरिक आणि सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ‘गॅलनला किती मैल’ या एककामुळे लोकांचा बचतीविषयीचा अंदाज चुकतो. आपल्या ‘लिटरला किती किलोमीटर’ या एककालाही हेच लागू पडते. १०,००० किलोमीटर धावणारी एक गाडी लिटरला १० वरून १२ किलोमीटरवर आली, तर तिचे इंधन १,००० लिटरवरून सुमारे ८३३ लिटरवर येते. म्हणजे सुमारे १६७ लिटर वाचतात. दुसरी गाडी २० वरून २५ वर आली, तर इंधन ५०० वरून ४०० लिटरवर येते. म्हणजे १०० लिटरच वाचतात. ऐकताना ५ ची वाढ मोठी वाटते, पण खरी बचत २ च्या वाढीत अधिक आहे. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलांपासून गाडीवरील अधिकृत पत्रकावर १०० मैलांना किती गॅलन हा आकडाही देण्यात येऊ लागला. युरोपात १०० किलोमीटरला लिटर हे एकक आधीपासूनच रूढ होते.

६. भारतीय संदर्भ

आपल्याकडे या उपकरणाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. त्याचे एक कारण निव्वळ तांत्रिक आहे. भारतातील माल आणि प्रवासी वाहतुकीचा भार प्रामुख्याने डिझेल वाहनांनी वाहिला. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होत नाही आणि निर्वातमापक निरुपयोगी ठरतो. साहजिकच एस. टी. किंवा ट्रकच्या चालकासाठी १९७० च्या दशकातील हे उपकरण अर्थहीन होते.

त्याची जागा मानवी शिक्षणाने घेतली. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने (पीसीआरए) वाहनचालकांसाठी प्रशिक्षण, टायरमधील हवेचा दाब, योग्य गिअर, मध्यम वेग आणि थांबल्यावर इंजिन बंद करणे या गोष्टींचा प्रचार केला. दुचाकीच्या बाजारात मात्र बचत ही ग्राहकाचीच मागणी होती. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० च्या यशात कमी इंधनखर्चाचा वाटा मोठा होता. पुढे टीव्हीएससारख्या कंपन्यांच्या काही मोटारसायकलींवर ‘इकॉनॉमी’ आणि ‘पॉवर’ असे दिवे आले. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे नाव तर जाहिरातींतील प्रमाणित मायलेजच्या आकड्यामुळे घरोघरी पोहोचले.

राज्य परिवहन उपक्रमांत ‘लिटरला किलोमीटर’ हा कामगिरीचा प्रमुख निर्देशांक आहे. येथे इतिहासाचा प्रश्न वर्तमानाला भिडतो. महिनाअखेरीस मिळणाऱ्या एका आकड्यात चालकाची सवय, गाडीचे वय, देखभाल, घाट, थांब्यांची संख्या, गर्दी आणि रस्त्याची अवस्था हे सारे मिसळलेले असते. त्यावरून चालकाला जाब विचारणे म्हणजे परीक्षेच्या एकूण टक्केवारीवरून विद्यार्थ्याची नेमकी कोणती चूक झाली ते ठरवण्यासारखे आहे. क्षणोक्षणी माहिती देणारे उपकरण चालकाला शिकवते. केवळ महिनाअखेरचा आकडा त्याला फक्त दोषी ठरवतो. दर्शक समोर नसलेल्या चालकाकडून बचतीची अपेक्षा करायची, तर त्या आकड्यातील त्याचा वाटा वेगळा काढण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर येते.

७. साक्षीदाराची दिशा बदलते

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात युरोपीय संघाने या उपकरणाला कायद्याचे स्थान दिले. प्रथम गिअर बदलण्याची सूचना देणारा दर्शक बंधनकारक झाला : मोटारींच्या नव्या प्रकारांसाठी नोव्हेंबर २०१२ पासून आणि सर्व नव्या मोटारींसाठी नोव्हेंबर २०१४ पासून. येथवर रोख चालकाकडेच होता. त्यानंतरचा टप्पा मात्र गुणात्मकदृष्ट्या वेगळा आहे. १ जानेवारी २०२१ पासून तेथील सर्व नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनवापराची आयुष्यभर नोंद ठेवणारी यंत्रणा आवश्यक ठरली. ही नोंद चालकासाठी असतेच, शिवाय ती एकत्रितपणे शासनाकडेही जाते.

त्यातून जे निष्पन्न झाले ते बोलके आहे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ मध्ये नोंदवलेल्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींचे प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतील अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक होते. बाहेरून चार्ज होणाऱ्या संकरित मोटारींच्या बाबतीत ते सरासरी साडेतीन पट होते. पहिल्या फरकाचा दोष साऱ्या युरोपातील चालकांच्या सवयींवर टाकता येणार नाही. चाचणीची परिस्थिती आणि रस्ता यांतील अंतरही तेथे दिसते. दुसऱ्या फरकात मात्र, गृहीत धरले होते तितके लोक गाडी चार्ज करून विजेवर चालवत नाहीत, हे कारण प्रमुख मानले गेले. म्हणजे चालकाच्या सवयीचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो. पण या वेळी ती सवय आधीच सोयीस्करपणे गृहीत धरणाऱ्या नियमांचाही हिशेब मागितला जातो.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला : बचतदर्शकामुळे सवय बदलू शकते, परंतु तो योग्य गोष्ट मोजत असेल, समजेल अशा एककात बोलत असेल आणि चालकाला त्या बचतीत काही हित दिसत असेल तरच. दुसरा : उपकरणाची अचूकता आणि समाजाची आस्था या गोष्टी एकत्र वाढतातच असे नाही, १९८० च्या दशकाचा अनुभव याची साक्ष देतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : चालकाला शिस्त लावण्यासाठी जन्मलेले हे उपकरण कालांतराने निर्मात्याच्या दाव्यांचाही साक्षीदार बनले. मोजमाप एकदा प्रामाणिक झाले की ते कोणा एकाच्याच बाजूने बोलत नाही.

भारतात मोटार उत्पादकांसाठी सरासरी इंधनवापराचे निकष एप्रिल २०१७ पासून लागू झाले आणि २०२२-२३ पासून ते अधिक कडक झाले. निर्मात्याची जबाबदारी अशा रीतीने कायद्यात आली आहे. चालकाची जबाबदारी ठरवताना मात्र त्याला आधी माहिती आणि मग जाब, हा क्रम पाळला गेला पाहिजे. ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला गाडी, चालक, रस्ता आणि नियम यांनी मिळून द्यायचे उत्तर आहे. त्यांतील प्रत्येकाचा वाटा किती, हे पाहण्याचे साधन आता उपलब्ध झाले आहे; ते कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरायचे, हा प्रश्न तांत्रिक नसून सामाजिक न्यायाचा आहे.